निघण्याचा धडा

दुपारची भांडी आवरली की कुमुदिनी पदराने फोन पुसायची, लेकराचं तोंड पुसावं तसा, आणि ओट्यावर डब्याला टेकवून धडा लावायची. एक बाई इंग्रजी वाक्य म्हणे, मग तेवढीच शांतता. त्या शांततेत आपण तेच वाक्य म्हणायचं.

"हिला दमा आहे का हो? एवढी दमानं बोलते."

"तुझ्यासाठीच गं."

आमची नात ऊर्मी सिंगापूरला असते, आईजवळ. आशिष, आमचा मुलगा, गेल्यावर सुनेने तिकडे नोकरी धरली. पोरगी आता इंग्रजीशिवाय बोलत नाही. रविवारच्या फोनवर मी दुभाष्या.

"माझी माया तुमच्या तोंडून गेली की आपल्या तांबरम स्टेशनावरच्या घोषणेसारखी होते," कुमुद म्हणाली. म्हणून हे धडे.

मी रेल्वेत सिग्नल खात्यात होतो. तार तुटली तर दिवा विझतो, एवढं मानणारा माणूस.

घराबाहेर निघण्याच्या धड्यात पुरुषाचा आवाज होता. "आय ॲम गोइंग."

"म्हणजे?"

"मी जातो."

नळाखाली तिचा हात थांबला. "आशिष त्या सकाळी दारात हेच इंग्रजीत म्हणाला. कानाला फोन होता, मला वाटलं ऑफिसचं काही. मी 'बरं' म्हटलं."

आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. खालच्या मजल्यावरची अंबुजा तमिळमध्येही 'जाऊन येते' असंच म्हणते. आशिष ऑफिसच्या, सिरुसेरीच्या रस्त्यावरून परत आला नाही.

त्यानंतर ती तोच धडा लावू लागली. 'येतो'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारून घेतलं. शांतता आली की ती ओट्याशी वाकायची. "जातो काय म्हणतोस, मेल्या? आय ॲम कमिंग म्हण. म्हण ना, राजा."

मी अडवलं नाही.

हळूहळू ती शांतता लांबत गेली. मंद आचेवरचं दूध वर यायचं, तरी पुढचं वाक्य येत नसे. मी फोन बाहेरच्या खोलीत नेऊन ऐकला. वाक्य, जराशी शांतता, वाक्य. ओट्यावर परत ठेवला, आणि दूध उतू गेलं तरी पुढचं वाक्य आलं नाही.

मग एका दुपारी त्या शांततेत पंखा फिरताना ऐकू आला. आमच्याकडे तेव्हा वीज गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा ओढल्याचा आवाज.

अंबुजा कढीपत्ता द्यायला वर आली. "मामी, यार वंदिरुक्का?" कोण आलंय, म्हणत होती. "जिन्यात कुणी चपला घालत होतं. मी वाट देऊन उभी राहिले, तर उतरलंच नाही कुणी."

कुमुदने कढीपत्ता घेतला. तिचा चेहरा उजळला होता.

रविवारी ती माझ्याशिवाय बोलली. जेवलीस का विचारलं, पोरीने नूडल्स सांगितलं, आणि कुमुदने, बघा जमलं, अशी मान उंचावून माझ्याकडे पाहिलं. शेवटी ऊर्मी म्हणाली, "ओके आजी, आय ॲम गोइंग."

"नो, नो! से, आय ॲम कमिंग."

"कमिंग व्हेअर?"

हे कुमुदला कळलं नाही. मी सांगेपर्यंत पोरगी हसली. "ओके, ओके. आय ॲम कमिंग, आजी."

फोन बंद झाला. कुमुदने डोळे टिपले. "बघा, नात शिकली. बाप नाही शिकला."

आणि त्याच आनंदात तिने धडा लावला.

पंखा. चपलेचा पट्टा. मग पुरुषाचा आवाज, मुळीच घाई नसलेला.

"वी आर गोइंग."

"अहो, हा शब्द नवा आहे. वी म्हणजे?"

"आम्ही," मी म्हणालो. "किंवा आपण. त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द."

 ती ओट्याशी वाकली. हळूच विचारलं, "आम्ही, की आपण?"

शांतता.

मी माझ्या फोनवरून सुनेला फोन लावला. घंटा जात होती. कुणी उचलेना.

ओट्यावर, त्या शांततेत, पंख्याच्या आवाजाखाली कुठेतरी एक फोन वाजू लागला.

मी कॉल कापला.

आतला तो फोन वाजायचा थांबला.