एकसष्टावे नाव

दिनांक ९ मार्च २१४७, सकाळी सव्वासहा. स्थळ : मंगळाभोवती फिरणारी ‘अरुंधती’ नौका. शीतनिद्रेतील एकशेबारा प्रवाशांना दर दहा मिनिटांस एक या गतीने जागवणे चालू होते.

निद्रितांना जिवंत ठेवणाऱ्या शीतद्रवाची नळी गळत होती. तो शेवटच्या नावापर्यंत पुरेल, अशी हमी कोणी देईना. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला होता. जागवणाऱ्या यंत्राचा आज्ञावलीकार चिन्मय दाबके याची पत्नी ऋजुता एकसष्टावी आली होती. चाळीस जण उठले होते. गळती बुजवायला नौकेबाहेर पडताना चिन्मयने, कोणी पाहत नाही असे बघून, तिचे नाव उचलले आणि यादीच्या माथ्यावर ठेवले.

दहाच मिनिटांत, आत जागवण्यावर देखरेख करणाऱ्या डॉ. अनसूया कडवेकरांचा आवाज त्याच्या कानात खणखणला. “अहो दाबके, हा घोरपडे माझ्यासमोर चहा भुरकतोय, अन् यंत्र म्हणतंय याला जागं करा! एकदा उठवून भागत नाही का याला? यादी उघडून बघू?”

यादी उघडली की चोरी उघडी पडणार.

“नको, किरकोळ बिघाड असेल. पुढे चालू द्या.”

ऋजुता उठली का, हे विचारण्याची त्याची छाती झाली नाही.

गळती बुजली. शीतद्रव उरलाही. सायंकाळी सव्वासातला तो आत आला, तेव्हा उठलेल्यांत ऋजुता नव्हती. एकशेबाराव्या हाकेनंतर, नेमून दिल्याप्रमाणे, सगळे उठले असे धरून यंत्राने निद्रादालनाचा पुरवठा तोडला होता. त्याला तास झाला होता.

“पण मी तिला सर्वांत वर घेतलं होतं!”

डॉक्टर थिजल्या. “चाळीस हाका झाल्यावर?”

“हो. उठलेल्यांची नावं यादीतून गळायची, तेव्हा वरचं नाव पहिलं उठायचं...”

“ती सोय तुम्हीच काढून टाकलीत ना?”

“तुम्हीच हटून बसलात, जिवंत माणसाचं नाव खोडायचं नाही म्हणून!”

“बसले. तेव्हापासून यंत्र नावं बघत नाही, जागा मोजतं. चाळीस झाली की एक्केचाळीस. तुम्ही माथ्यावर नाव घातलंत, खालचे एकेक जागा सरकले. चाळिसावा घोरपडे एक्केचाळिसाव्या जागी आला, त्याला दोनदा हाक. पहिली जागा केव्हाच मागे पडली होती, दाबके. तिथे यंत्र परतत नाही.”

“आणि मी हात लावला नसता तर?”

“पावणेदहाला उठली असती.”

तो खाली बसला. मग म्हणाला, “अहवालात यंत्राचा दोष लिहाल?”

“नाही. यंत्र चुकलं नाही. तिला तुम्ही मारलंत.”