धरलेली खाट

लक्ष्मणराव ही गोष्ट उगाच कोणाला सांगत नाहीत. धानाच्या राखणीला पोरं खळ्यावर जमली, शेकोटी पेटली आणि एखादं पोट्टं "भूत-गित सारं खोटं" म्हणालं, की मग विडी बाजूला ठेवतात.

"खोटं वाटत असन त आंबागडले जाऊन शकुनबाईले विचार. जिती हाय अजून. पायताण घेऊन येईन तुह्या अंगावर."

शकुनबाई होतीच तशी. नवरा लवकर गेला. मागं एक पोरगी, चंद्रकला. त्या पोरीकडे कोणी वाकडं पाहिलं तर ही बाई भरचौकात त्याच्या सात पिढ्या काढायची.

साल एकोणऐंशी. पावसानं त्या वर्षी दगा दिला, तापानं नाही दिला. घरोघरी माणसं गोधडीखाली कुडकुडत होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चंद्रकलाला पुन्हा ताप भरला. दवाखान्यात सुई टोचून आणायची आणि दिवसाउजेडी परत यायचं, एवढंच काम. लक्ष्मणरावांनी बंडी जुंपली. बैलांच्या शिंगांवर कालच्या पोळ्याचा रंग तसाच होता. आंब्याखालचा नाला ओलांडताना चंद्रकला बंडीतल्या धानाच्या तणसावर बसून हसली.

"मामा, बैलाईचे खूरबी नाई भिजले!"

दवाखान्याच्या पायरीवर तिला उतरवलं आणि तिचे डोळे फिरले. दातखीळ बसली.

दवाखाना म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली. खाटा मोजक्या, तापाची माणसं व्हरांड्यात, झाडाखाली, जिथं जागा तिथं. डॉक्टर सणाला गेलेले. सिस्टरबाई एकटी. तिथली रीत अशी की खाट धरायची. एकजण उठला की दुसऱ्यानं आपलं गाठोडं नाहीतर घोंगडी टाकायची. घोंगडी आहे तोवर खाट त्याची. ती रीत डॉक्टरही मोडत नसे.

"खाट नाही," सिस्टर म्हणाली. "सलाईन टांगायचे खिळे खाटांवरच्या भिंतीत आहेत. खाली निजवून बाटली कुठं लावू?"

"मी धरते ना हातात," शकुनबाई म्हणाली.

"रात्रभर?"

"तुमी लावा त!"

तिनं बाटली धरली. पोरगी फरशीवर, आई उभी, हात वर. दिवेलागण झाली. हात आधी दुखला, मग बधिर झाला, मग आपोआप खाली आला. नळीतून पोरीचं रक्त वर चढायला लागलं. शकुनबाईनं दुसरा हात लावला. तोही लटपटला.

तेव्हा तिला खिडकीजवळची खाट दिसली. रिकामी. वर एक काळी घोंगडी, चौघडी घालून ठेवलेली.

"ते नको घेऊ बाई," शेजारच्या खाटेवरून सत्यभामाबाई म्हणाली. पाय सुजून ती कितीतरी महिने तिथंच पडून होती. "धरलेली हाय थे."

"कोणं धरली?"

"पार्वताबाईनं. नातीसाठी."

"मंग कोठी हाय थे?"

सत्यभामाबाईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"माही पोरगी मरून राहिली अन् तुमी घोंगड्या राखता!" शकुनबाईनं घोंगडी उचलून खाली फेकली, पोरीला निजवलं, बाटली खिळ्याला अडकवली. सिस्टर नवीन होती. तिला काही ठाऊक नव्हतं. "थेंब थांबला तर हाक मारा," म्हणाली आणि व्हरांड्यात गेली.

पोळ्याच्या अवसेची दुसरी रात. बाहेर मिट्ट काळोख. वीज कधीच गेली होती, कोपऱ्यात एक कंदील. शकुनबाई थेंबाकडे पाहत बसली. एक थेंब. दुसरा थेंब.

"उठव तिले."

खाटेच्या पायथ्याशी एक म्हातारी बुडी उभी होती. डोईवर पदर, नजर दाराकडे.

"कायले उठवू? तुह्या बापाची खाट हाय का?"

"म्या धरली. माही नात येऊन राहिली."

"येईन तवा पाहू. सरक तिकडं, उजेड नको अडवू."

"नाल्याले पूर हाय. बंडी पल्याड थांबली. पूर उतरला का येतेच."

"कोन्त्या नाल्याले?"

"आंब्याखालच्या."

शकुनबाईला आठवलं. आज सकाळीच... बैलांचे खूरही...

बुडी खाटेवर बसली. खाट करकरली नाही.

चंद्रकलाचे पाय गार पडले. मग गुडघे. शकुनबाईनं बाटलीकडे पाहिलं. थेंब थांबला होता.

"सिस्टरबाई..." हाक व्हरांड्यापर्यंत पोचली नाही.

भिंतीकडे तोंड करूनच सत्यभामाबाई हळू बोलली, "भांडू नको तिच्यासंग. या खाटेवर जो निजला, त्याले सकाळी उचलूनच नेला. नात तिची पुरात गेली, लय सालं झाले. बुडीले कोणंच सांगतलं नाई. येऊन राहिली, येऊन राहिली, म्हणत ठेवलं. अन् थे अशीच बसल्या बसल्या..."

तिनं गोधडी डोक्यावर ओढली.

शकुनबाईच्या जिभेवर आलं होतं. तुही नात मेली, बुडे. कोणाची भीड न ठेवणारी बाई ती. पण बुडीची नजर दारावरून हलत नव्हती. पापणी लवत नव्हती. तसंच थेंबाकडं बघत आपणही सकाळपासून आहोत, हे तिला कळलं. आणि चंद्रकलाचे ओठ निळे पडले होते.

तिनं पोरीला भिंतीकडे सरकवलं. फरशीवरची घोंगडी उचलून उरलेल्या अर्ध्या खाटेवर पसरली.

"आण तिले. दोघी निजतीन. माहीले सोड फक्त... माही घरी जाईन त तुहीलेबी संग नेईन. हे शकुन सांगून राहिली तुले."



दूर घुंगरं वाजली. बैलांची. जवळ आली... पायरीशी थांबली.

बाहेर लक्ष्मणराव बंडीखाली दचकून उठले. त्यांचे बैल सोडलेले होते. घुंगरमाळा त्यांच्याच उशाशी होत्या.

दार उघडलं नाही. घोंगडी मात्र मधोमध खाली दबली. थोडीशीच. लहान लेकरू निजावं तेवढी.

पायथ्याशी कोणी नव्हतं.

थेंब पडला. मग दुसरा.

चंद्रकला वाचली. पण मुक्काम लांबला, नवरात्र जवळ आली. सारे दिवस ती भिंतीला चिकटूनच निजली. सिस्टरनं मधे सरकवली की ओरडायची, "तिले जागा नाई पुरत!" शकुनबाई ऐकून घ्यायची. घोंगडीला कोणी हात लावला नाही.

सुट्टी झाली, लक्ष्मणराव बंडी घेऊन आले, तेव्हा शकुनबाईनं ती घोंगडी स्वतः उचलली, बंडीत पोरीशेजारी तणसावर पसरली. शब्द दिला होता.

पाऊस कधीच गेला होता. रस्त्यावर नुसता फुफाटा. थोडं पुढं गेल्यावर लक्ष्मणरावांनी मागं वळून पाहिलं. फुफाट्यात ओले ठिपके होते. दवाखान्यापासून, बंडीच्या मागं मागं.

"शकुनबाई, पाण्याचा गडवा सांडला का वं?"

गडव्याचं तोंड बांधलेलं होतं. तिनं शेजारी पाहिलं नाही. पोरीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"बंडी हाक, भाऊ."

आंब्याखालच्या नाल्यात बैल अडले. पाणी तळव्याइतकं... तरी पुढं जाईनात. लक्ष्मणराव चाबूक उगारणार, तोच बैल एकदम चालते झाले. बंडी हलकी झाली होती.

पल्याड चढल्यावर त्यांनी मागं पाहिलं. रस्ता कोरडा.

मग बंडीत पाहिलं. शकुनबाईचे दोन्ही हात पोरीभोवतीच होते. आणि शेजारी तणसावर ती घोंगडी, कोरडी ठणठणीत, चौघडी घालून ठेवलेली.