बुवांच्या पत्राचं लॅमिनेशन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मागाहून जमायचं नाही. आपल्या गिरीशच्या घरात घडलेलं आहे हे. तो तेव्हा दोह्याला इंजिनियर होता. शहाऐंशी साल, गणपतीच्या आधीची अमावस्या, गुरुवार.

गिरीशला नाद एकच. बंदिशी बांधणाऱ्या जुन्या गवयांची पत्रं, चष्मे, तपकिरीच्या डब्या, मिळेल ते जमवायचं. सुट्टीत पुण्याला गेला तेव्हा निवृत्तीबुवांच्या लेकीच्या, केसरबाईंच्या, हात धुऊन मागे लागला आणि बुवांचं शेवटचं पत्र घेऊन आला. त्यात बुवांच्या हातची, कुणीच न गायलेली बंदिश. दुसरी प्रत नाही. दोह्याच्या दमट हवेत कागद कुजेल म्हणून पठ्ठ्यानं त्या संध्याकाळी ऑफिसात जाऊन ते चक्क लॅमिनेट केलं. "खलास! आता शंभर वर्षं चिंता नाही," असं बायकोला, मालविकाला, सांगून तो झोपला.

मध्यरात्रीनंतर वीज गेली. एसी थांबला, घर चिडीचूप झालं. आणि त्याला ऐकू आलं. दिवाणखान्यात कुणीतरी धापा टाकत होतं.

टॉर्च घेऊन गेला. कुणी नाही. टेबलावर फक्त ते पत्र. आवाज तिथूनच...

"अहो, सुचित्राला बघा!" आतून मालविका ओरडली.

पाच वर्षांची पोर उठून बसली होती. तिला कधी साधा खोकला नव्हता. आता छाती भात्यासारखी हलत होती. ओठ निळे. डॉक्टरांचा फोन नुसता वाजत राहिला.

"बुवा कशानं गेले हो?" मालविकानं हळूच विचारलं.

"...दम्यानं."

बाहेर धाप. आत धाप. एकाच लयीत.

गिरीशनं कात्री घेतली. पण हात चालेना. अक्षरं पार कडेपर्यंत होती, प्लास्टिक उघडायचं तर तीही कापावी लागणार. पोटची पोर तडफडत होती आणि त्याचा जीव अक्षरांत अडकला होता. हे सांगताना तो रडतो.

"बाबा..."

त्यानं कोपरा कापला. बंदिशीची शेवटची ओळ गेली.

एक लांब श्वास. गरम. त्याच्या मनगटावर.

आत सुचित्रा झोपली. शांत.

सकाळी तो टेबलापाशी गेला. प्लास्टिकला आतून वाफ धरली होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती विरली...

पुन्हा धरली.