पाळीच्या यादीतले अठरा

पुल्होनो. नाम. काम, कष्ट.

शब्दकोशासाठी हे कार्ड मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आमच्या अरामी बोलीत नांगरटीला हाच शब्द, चाकरीला हाच, देवाच्या पूजेलाही हाच. मूळ कुठलं? कुणी म्हणतं, जमीन फोडणं. कुणी त्याहून जुन्या अक्कादी भाषेकडे बोट दाखवतं. तिथे अर्थ आहे, भिणं.

हे दुसरं मला पटत नव्हतं. खोडलं.

त्याच आठवड्यात मोजणीदार आला. चर्चच्या द्राक्षमळ्यावर आगाच्या, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदाराच्या, नातवाने दावा लावला होता.

"इथे वीस वर्षांत कुणी कुदळ मारलेली नाही, मास्तर. पडीक लिहावं लागेल. मग मळा गेला."

"माणसं जर्मनीला पळवून लावली कुणी?"

"त्याला रकाना नाही. सोमवारी सहीला येतो."

गावात चार घरं उरलीत. माझं डोकं रविवारपर्यंत तापलेलंच होतं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. रविवारी प्रार्थना संपली की डीकन, पाद्रीचा मदतनीस, मळ्यावरच्या पाळीची यादी वाचतो. नाव आलं की माणूस 'हजर' म्हणतो, आणि डीकनने 'हात धुवा' म्हणेपर्यंत मळा सोडत नाही. डीकन मीच. मी पेटीतली जुनी यादी काढली आणि रिकाम्या चर्चमध्ये ओरडून वाचली. अठरा नावं. सगळी मेलेली. बरेचसे आगाच्या रस्त्यासाठी दगड फोडता फोडता मेले.

उत्तर आलं नाही. बाहेर शेजारच्या शमूनी मावशीची शेळी ओरडत होती, ती मध्येच गप्प झाली.

सोमवारी मळ्याचे वरचे तीन टप्पे खणलेले होते. ओली लाल माती, घामाचा वास. अनवाणी पावलं. त्यातला एक डावा पाय फरफटलेला.

"कुणी केलं?" मोजणीदाराने विचारलं.

"गावाने."

त्याने चारही घरांकडे पाहिलं. 'लागवडीखाली' असं लिहिलं. अंतिम सुनावणी ऑक्टोबरात, म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

मावशी बांधावर उभी होती.

"तो माझ्या बह्होचा पाय आहे, असाच फरफटायचा. चाळीस वर्षं झाली मी नवऱ्याला पुरून. तू उठवलास?"

"मावशी, मळा वाचला."

"हात धुवा म्हण."

"सुनावणी व्हायचीय अजून."

"जन्मभर त्या आगाकडे राबला तो. सुटी कधी मिळायची त्याला, शहाण्या?"

"आगा फटके मारायचा. मी नुसती नावं वाचली."

"फटके तोही नंतर मारायचा. आधी नावंच वाचायचा."

दुपारी भर उन्हात कुदळींचा आवाज सुरू झाला. मळ्यात कुणी दिसत नव्हतं.

माती मात्र उडत होती.

मावशीने बांधावर अठरा रोट्या मांडल्या. संध्याकाळी त्या तशाच, कडक झालेल्या. काम सुटल्याशिवाय हात धुवायचे नसतात, आणि न धुतल्या हाताने आमच्यात कुणी घास मोडत नाही.

"म्हण," ती म्हणाली.

दोन शब्द. मी तोंड उघडलं.

"ऑक्टोबरपर्यंत राबू देत."

कुदळी थांबल्या.

मग पुन्हा सुरू झाल्या. आधीपेक्षा भराभर, भ्यायल्यासारख्या.