मऊ तळाचे बूट

सिल्व्हर पार्कच्या मैदानातून बास्केटबॉलचा चेंडू उसळला आणि कठड्यावर डोळे मिटून बसलेल्या एका तरुणाच्या मांडीत जाऊन पडला. रसिका धावत आली. चेंडू परत देताना तो सहज म्हणाला, "तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा जोरात आपटतोय. दुखतो ना?"

रसिकाला राग आला, कारण पाय खरंच दुखत होता. नडगीतली ती कळ तिनं आईपासूनही लपवली होती. राज्य संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती, आणि तिचा खेळ बंद करायला बाबांना नुसतं निमित्त हवं होतं.

"डोळे मिटून दिसलं हे?"

"ऐकू आलं," तो म्हणाला आणि इतकं मोकळं हसला, की तिचा राग निम्म्यावर आला.

त्याचं नाव नॅथन. राहायला उत्तनकडच्या डोंगरी गावात. इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होता, आणि बास्केटबॉलच्या बुटांचा तळ मऊ असला की उतरताना पायाला बसणारा धक्का खरंच कमी होतो का, हे मोजत होता. त्याला खेळाडू हवे होते. रसिकानं ऐटीत पाय पुढे केला. मामानं मस्कतहून आणलेले जाड, मऊ तळाचे बूट! यात धक्का बसतच नाही, असं तिनं ठासून सांगितलं. मशीनला विचारू या, एवढंच तो म्हणाला.

रविवारी ममता या मैत्रिणीला सोबत घेऊन ती बसनं डोंगरीला गेली. घराच्या ओट्यावर नॅथननं स्वतः जुळवलेली लोखंडी पाटी होती. तिच्यावर उडी मारली की शेजारच्या कागदावर सुई धक्क्याची रेघ काढायची. रसिकानं आधी आपल्या बुटांत उड्या मारल्या, मग त्यानं दिलेल्या पातळ कॅनव्हासच्या बुटांत. पायाला सुख मऊ बुटांतच वाटलं, यात शंका नव्हती. पण कागदावरच्या रेघा जवळजवळ सारख्याच उंच!

मशीन बिघडलंय, असं तिनं जाहीर केलं. नॅथननं समजावलं, की आपण स्वतः उडी मारतो तेव्हा जमीन कधी येणार हे पायांना ठाऊक असतं. गुडघे, घोटे आधीच तयारीत असतात, तेच धक्का पेलतात. बुटाच्या वाट्याला फारसं उरत नाही. नकळत पडलं, तर मात्र गोष्ट वेगळी.

मग त्यानं तिला पाटीच्या वर बसवलेल्या एका झडपेवर उभं केलं. दोरी ओढली की झडप उघडून माणूस खालच्या पाटीवर पडायचा. कधी ओढणार, ते सांगणार नव्हता. ती श्वास रोखून उभी, आणि हा दोरी धरून गप्पा मारतोय...

"केसांत काय माळलंय?"

"सोनचाफा."

"तरीच मघापासून माझं लक्ष लागत नाहीये."

ती लाजली – आणि झडप निसटली. तोल सावरायला तिनं त्याचा खांदा धरला, तो जरा जास्तच वेळ. ममता मुद्दाम खोकली. दोन्ही बुटांत हे झालं, आणि या खेपेला मऊ बुटांची रेघ बरीच ठेंगणी निघाली. रसिकाचा चेहरा खुलला. तेवढ्यात नॅथनची आई फ्लेव्हिया मैद्याचे तळलेले गोल, गरम फुगे घेऊन आली. "पोरीला नुसती पाडतोस काय? तिला भूक हाय का न्हाय, इचारलंस?"

निघताना मात्र तो गंभीर झाला. नडगी डॉक्टरांना दाखवा, काही दिवस उड्या बंद ठेवा, बुटांनी ते दुखणं जाणार नाही, म्हणाला.

"आणि संघातली जागा गेली तर?"

"पायच गेला, तर जागा घेऊन काय कराल?"

 घरी आल्यावर आईच्या कुशीत शिरून तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनीही विश्रांतीच सांगितली. बाबांची समजूत आईनं घातली.

सरावाच्या वेळी ती कठड्यावर बसून राहायची, आणि नॅथन बस बदलत डोंगरीहून यायचा, तिच्या शेजारी बसायला. कळ थांबल्यावर त्यानं तिला गुडघे मुडपून, आवाज न करता उतरायला शिकवलं. तो डोळे मिटून ऐकायचा. एका संध्याकाळी काहीच ऐकू येईना म्हणून त्यानं डोळे उघडले, तर ती अगदी समोर, ओठ दाबून हसत उभी! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

चाचणीला बाबा ऑफिसातून परस्पर आले आणि मागे गुपचूप उभे राहिले. रसिकाची निवड झाली. गर्दी पांगल्यावर ती नॅथनकडे आली.

"शिबिराला पुण्याला जातेय. तुझी मोजणी अडेल ना?"

"मोजणी त्या रविवारीच संपली."

"मग रोज कशाला येत होतास?"

तो गडबडला. "तुला भेटायला... मला तू आवडतेस, रसिका. तुझं घर वेगळं, माझं वेगळं, लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे. तरी सांगतोय."

तिनं फाटकाकडे पाहिलं. "बाबा उभे आहेत तिथे."

त्याचा चेहरा उतरला.

"चल, ओळख करून देते. आज ते खूश आहेत, असा मोका पुन्हा मिळायचा नाही."

आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरून ती फाटकाकडे निघाली.