दाढेतला शत्रू

दहावी 'ब'च्या मुलांनी मनगटावर भावपट्ट्या चढवल्या, कानांत श्रवणबोंडं खोचली, की कराडच्या त्या शाळेत इतिहासाचा तास सुरू झाला असं समजायचं. भावपट्टी म्हणजे साधं रबरी कडं. नाडी आणि घाम मोजून कोणाला काय भिडतंय हे ते वर्गाच्या संगणकाला कळवायचं. गणिताच्या तासाला त्याचा उपयोग कोण पेंगतंय हे समजण्यापुरताच व्हायचा.

आजचा धडा युद्धकाळातल्या प्रचाराचा होता. त्यासाठी 'हाकारी' नावाची नवी संगणकप्रणाली आली होती. रानात हाकारे आरडाओरडा करून जनावर हवं त्या बाजूला पळवतात, तशी ही प्रणाली माणसांची मतं पळवून दाखवायची. एका काल्पनिक युद्धाच्या बातम्या ती मुलांच्या नाड्या पाहत पाहत जागच्या जागी रचायची. शेवटी गुप्त मतदान घ्यायचं : संशयिताला खटल्याशिवाय छावणीत डांबावं का? बहुतेक ठिकाणी वर्ग 'हो' म्हणे. मग शिक्षकांनी सगळा बनाव उलगडायचा, मुलांनी खाली माना घालायच्या. कागदावर फार छान होतं.

स्नेहल डुबल मॅडमना धाकधूक होती ती दुसऱ्या बाकावरच्या ईशानी लियाओची. १९६२च्या युद्धात चिनी वंशाच्या हजारो लोकांना, त्यांत भारतीय नागरिकांनाही, घरातून उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं होतं. खटला नाही, पुरावा नाही. ईशानीचे आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते, आसामातून आईवडिलांसोबत नेलेले. मॅडम मुद्दाम तिच्या वडिलांच्या दवाखान्यात जाऊन बोलल्या होत्या. डॉ. लियाओ कराडात दातांचे डॉक्टर.

"बिनधास्त शिकवा," ते म्हणाले होते. "फक्त आमच्या घराकडे बोट नको, मॅडम. पोरगी इथं रमलीय."

मॅडमनी शब्द दिला होता.

हाकारी सुरू झाली. वर्गाला सामायिक शत्रू हवा म्हणून ती गावातल्या जाहीर कार्यक्रमांचे फोटो झरझर दाखवू लागली. आमदार आले, मुख्याध्यापक आले, नाड्या जागच्या हलल्या नाहीत. मग शाळेच्या दंततपासणी शिबिराचा फोटो आला, आणि मॅडमच्या पडद्यावर सगळ्या रेषा एकदम ताडकन उडाल्या. पांढऱ्या कोटातले डॉ. लियाओ हसत उभे होते.

यंत्राला हवा तो माणूस सापडला. "सावधान! शत्रूचा डॉक्टर आपल्या गावात! दाढा भरताना त्याने आत संदेशयंत्रं बसवली आहेत!" खणखणीत आवाजात बातम्या सुरू झाल्या.

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्या प्रणाली बंद करायच्या बटणाकडे धावल्या. ईशानीने कानातली बोंडं काढली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबवू नका मॅडम."

"अगं, तुझ्या बाबांना शब्द दिलाय मी!"

"माहितेय. पण आता थांबवलंत तर ही सगळी काय म्हणणार होती ते मला कधीच कळणार नाही. रोज यांच्यासोबतच डबा खाते मी."

मॅडमचा हात खाली आला. मुलांनी मतदानाची बटणं दाबली. निकाल फळ्यावर उमटेपर्यंत मॅडमना वर पाहवेना.

सगळे 'नाही'. फक्त एक 'हो'.

मॅडमनी इतक्या जोरात श्वास सोडला की पहिला बाक हसला. "अरे, पण मग फोटो बघून तुमच्या नाड्या का उडाल्या?"

"मॅडम, त्या खुर्चीत बसलाय का कधी तुम्ही?" कस्तुरी पवार म्हणाली. "ते मशिन घुर्र करायला लागलं की आख्खं कराड घाबरतंय! म्हणून काय डॉक्टर शत्रू झाले? माझी दाढ भरल्यावर त्यांनीच मला घरी सोडलंय, मी रडत होते म्हणून."

वर्ग खो खो हसत सुटला. एवढी हुशार प्रणाली, पण दातांच्या खुर्चीची भीती आणि माणसाचा द्वेष यांतला फरक काही तिला उमगला नव्हता. मॅडमना इतकं हलकं वाटलं की त्या टेबलावरच बसल्या.

"आणि 'हो' कुणाचं?" कोणीतरी ओरडलं.

मागच्या बाकावरचा रुद्रांश थोरात उभा राहिला. कान लाल झाले होते. "माझं. सोमवारी माझी दाढ काढायचीय. म्हटलं, डॉक्टरच छावणीत गेले तर टळेल. युद्ध खोटंच आहे की... सॉरी, ईशानी."

आता ईशानीच सगळ्यांत मोठ्याने हसली, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "सोमवारी मीच तुला धरून नेणार आहे," ती म्हणाली, आणि रुद्रांशही ओशाळं हसला. छातीवरचं ओझं उतरलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ओढणीने डोळे पुसता पुसता ती थांबली. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं होतं म्हणून तिने विचारलं, "मॅडम, आजोबांच्या वडिलांचं आसामात चपलांचं दुकान होतं. त्यांनाही सगळी गल्ली ओळखायची, तरी छावणीत नेलंच. मग तिथं कुणाकुणाची दाढ काढायची राहिली होती?"