डॉक्टरीणबाईंच्या गाडीतलं डिझेल

डॉक्टरीणबाईंची पेट्रोलची गाडी सकाळी फाटकापर्यंत गेली, पांढऱ्या धुराचा ढग सोडला आणि तिथेच बसकण मारली. टाकीत डिझेल निघालं. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरने पंपावरून अर्धी टाकी भरून आणली होती. बाईंनी तिथल्या तिथे त्याची नोकरी संपवली. तो रडतच गुप्तहेर मावशींकडे आला.

मावशी निघाल्या. मागोमाग त्यांचे यजमान, काका. काका प्रत्येक तपासाला जात, कारण एकटे घरी राहिले तर चहा स्वतः करावा लागे.

मावशींनी टाकीच्या तोंडात बोटं घातली. एक गेलं, दुसरं अडकलं.

"तोंड अरुंद आहे हो."

"दातांचा डॉक्टर बोलवायचा का?" काकांनी मनापासून विचारलं.

घरात तळलेले बटाटे आले. काकांनी एक तोंडात टाकला आणि अत्यंत सभ्यपणे रुमालात काढला.

"तेल जुनं आहे?" मावशींनी स्वयंपाकीणबाईंना विचारलं.

"छे! नवा डबा. आत्ताच नरसाळ्यानं बरणीत ओतलं."

बाईंचा भाऊ जनरेटर सांभाळायचा. "डिझेलचा कॅन शेडमध्ये असतो. कुलूप नाही. पण मी गावाहून आलो तेव्हा इथे धूर निघतच होता. बॅगसुद्धा उघडली नाही अजून."

काकांचा संशय लगेच बॅगेवर बसला.

बाईंचे यजमान अनवाणी पेपर वाचत होते. धुतलेल्या चपला खिडकीत वाळत होत्या.

"चिखल लागला होता," ते म्हणाले. बाहेर अंगणात धूळ उडत होती. "गाडीचं मला काही कळत नाही बुवा. आयुष्यात चमचाभर पेट्रोल भरलं नाही."

"लग्नापासून तेच सांगतेय मी!" बाई म्हणाल्या.

मावशींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"पंपावर डिझेलची नळी जाड असते. या अरुंद तोंडात ती शिरणारच नाही. म्हणजे डिझेल पंपावर नाही, इथेच ओतलं गेलं. नरसाळ्यानं. तेच नरसाळं नंतर तेलाला लागलं आणि आमच्या ह्यांनी बटाटा थुंकला."

"काढला," काका म्हणाले.

"ड्रायव्हर स्वयंपाकघरात जात नाही. भाऊसाहेब तेव्हा प्रवासात. स्वयंपाकीणबाईंना नरसाळ्यावर डिझेल होतं हे ठाऊक असतं, तर त्यांनी त्याच नरसाळ्यानं तेल ओतलं असतं का? उरले साहेब. अंगणात चिखल नाही, तरी चपला धुतल्या. पेट्रोल सांडलं असतं तर उडून गेलं असतं. डिझेल चिकटून बसतं, साबण मागतं."

साहेबांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा होता.

"मला वाटलं कॅनमध्ये पेट्रोलच आहे," पेपरामागून आवाज आला. "हिला उशीर होऊ नये म्हणून टाकी भरली. एकदा तरी शाबास म्हणेल..."

"आणि माझी नोकरी जाताना गप्प बसलात?" ड्रायव्हर म्हणाला.

बाई उठल्या. सगळ्यांसमोर ड्रायव्हरची माफी मागितली आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

"चावी पूर्ण फिरवू मात्र नका," मावशी म्हणाल्या. "टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. गॅरेजपर्यंत ढकलत न्या."

"ऐकलंत ना, अहो?" बाई यजमानांना म्हणाल्या.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला. काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं. मागे ओल्या चपलांतले साहेब गाडी ढकलू लागले. गल्लीतली सगळी दारं उघडली.

ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला.

"साहेब, जरा दम लावा," तो म्हणाला, "पुढे चढ आहे."